तीन विमानं आणि एक भित्री काठी

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची काठी आहे आणि आधीच सांगून टाकते, मी लई भित्री आहे. हसू नका. मला पाहून कुत्री पळतात, म्हणून मी शूर असेन असं तुम्हाला वाटत असेल. पण ते कुत्रं पळेपर्यंत माझा जीव कसा टांगणीला लागतो ते माझं मलाच ठाऊक!

लातूरकडं चाकूर तालुक्यात एका ओढ्याकाठी वेळूचं बेट होतं, तिथं मी वाढले. माझे मालक किशनराव तेव्हा तरणेबांड होते. त्यांनी मला निवडून तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, करडईचं तेल पाजलं. रेवणप्पा लोहाराकडून माझ्या पायाला शेंबी, म्हणजे लोखंडी टोपी, बसवून घेतली. तेव्हापासून मी त्यांच्या हातात. गुरं वळली, चिखल चाचपला, एकदा गोठ्यात निघालेल्या नागावरसुद्धा पडले. लोक म्हणाले, काय काठी आहे! मला पापण्या असत्या तर त्या वेळी मी त्या गच्च मिटून घेतल्या असत्या.

एका वर्षी गारपिटीत गोठ्याचं आढं खचलं. खाली बैल बांधलेला होता. किशनरावांनी आढ्याला माझाच टेकू दिला आणि बैल सोडवला. बैल वाचला, पण माझ्या कमरेत उभी चीर गेली. "आता चुलीत घाला हिला," असं सगळे म्हणाले. किशनराव मात्र मला घेऊन पुन्हा रेवणप्पाकडे गेले. त्यानं चिरेवर पितळेची नळी ठोकून बसवली आणि म्हणाला, "मालक, ही नळी हाय तवर काठी हाय."

त्याचे हे शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तर ते कधीच विसरले नाही.

पुढे गुरं विकली गेली, दारात मोटारसायकल आली आणि मी दाराआड जाऊन उभी राहिले. कोळ्यांनी माझ्या डोक्यावर जाळी विणली. कुणी हात लावायचं नाही, कुणी तेल द्यायचं नाही. मग किशनरावांचा डावा गुडघा धरला आणि त्यांना माझी आठवण झाली. त्यांचा गुडघा दुखतो याचं मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंदच झाला.

किशनरावांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, पण दिवस साऱ्या गावाला ठाऊक आहे. येळवस! मार्गशीर्षातली ती अमावास्या आली की आमच्याकडची गावं ओस पडतात. जो तो पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील घेऊन शेतात जेवायला जातो. अशाच एका येळवशीला शेतातल्या कडब्याच्या कोपीत किशनराव जन्मले. म्हणून दर येळवशीला तुळजाबाई, त्यांची बायको, त्यांना कमरेला नवा काळा करदोडा देतात. यंदाची येळवस पंच्याहत्तरावी होती.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यापासून किशनरावांचं एकच म्हणणं असायचं. "पल्याडचा काठ दिसत न्हाई अशी नदी एकदा तरी बगायची." त्यांची लेक शिल्पा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते. तिनं ते मनावर घेतलं. ब्रह्मपुत्रा बघायला आसामात दिब्रुगडला जायचं ठरलं. नांदेडहून हैदराबाद, हैदराबादहून कोलकाता, कोलकात्याहून दिब्रुगड. एका दमात तीन विमानं.

बॅग भरताना शिल्पानं कपड्यांच्या खाली एक चकचकीत, घडीची काठी लपवली. "बाबांना सांगू नको आई, वाढदिवसाला देऊ," ती कुजबुजली. "ही जुनी फुटलीय. तिकडंच टाकून येऊ."

मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. नको, मला कुठंच जायचं नाही, असं मला ओरडावंसं वाटलं. पण काठीचं कोण ऐकतंय?

नांदेडच्या विमानतळावर किशनरावांच्या गप्पांना ऊत आला होता. "भ्यायचं काय त्येच्यात? यष्टीच हाय ती, वरून जाती एवढंच!" ते तुळजाबाईंना सांगत होते. बोलत होते शूरासारखं, पण मला धरलेला त्यांचा हात घामानं चिंब झाला होता. विमानात एका बाईनं मला त्यांच्याकडून घेतलं आणि डोक्यावरच्या कप्प्यात आडवं ठेवून झाकण लावलं. गच्च अंधार. मग सगळं थरथरायला लागलं. आई गं! आढं कोसळलं तेव्हाही अशी घरघर झाली नव्हती. मी बॅगांच्या मधे अंग चोरून पडून राहिले. खालून किशनरावांचा आवाज आला, "तुळजा, तू भेऊ नको, माझा हात धर." मला कळलं, हात त्यांनाच हवा होता.

हैदराबादला उतरलो तेव्हा वाटलं, सुटलो. नांदेडला मला कुणी अडवलं नव्हतं, पण पुढच्या विमानाआधी पुन्हा तपासणी होती. मी त्या काळ्या पट्ट्यावरून डब्यात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. तिथला जवान मला हातात घेऊन उलटीपालटी करू लागला. त्याचं बोट माझ्या पितळी नळीवर थांबलं.

"चाचा, इसके अंदर क्या है?"

"अंदर क्या रहता साब? लकडी है, लकडी!" किशनराव हसत म्हणाले.

जवान हसला नाही. नळीच्या आतलं यंत्राला दिसत नव्हतं. गुप्ती असते ना, काठीच्या पोटात पातं लपवलेली? तिचा जोड बरोबर अशाच जागी असतो. "ये खोलना पडेगा. नहीं तो लाठी यहीं छोड दो," तो शांतपणे म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं, ते त्याचं कामच होतं.

सोडून गेले तर मी या परक्या गावात, टोपलीतल्या जप्त कात्र्या आणि सुऱ्यांच्या ढिगात पडणार. आणि नळी काढली तर? ही नळी हाय तवर काठी हाय!

"बाबा, राहू द्या ती इथंच," शिल्पा म्हणाली. "चाकाची खुर्ची मागवते."

"खुर्ची? मी काय आजारी हाव?" किशनरावांनी मला जवळ ओढलं. मग नळी मुठीत धरून त्यांनी पिळा दिला. कोरड्या हिवाळ्यानं मी आक्रसले होते, त्यामुळे नळी कुरकुरली आणि सुटली. चिरेनं आ वासला. आत नुसतं भरीव वेळूचं लाकूड, दुसरं काही नाही.

जवानानं वाकून बघितलं. "माफ करना, चाचा. जाइए," असं म्हणून त्यानं मला दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिलं.

नळी पुन्हा बसेना. हातोडीशिवाय ती कशी बसणार? किशनरावांनी ती खिशात टाकली आणि आम्ही निघालो. आता दर पावलाला माझी चीर करकरत होती. मी मोडले तर ते तोंडावर पडतील, एवढी एकच भीती माझ्या अंगभर भरून राहिली. त्यांनाही ते कळलं होतं. ते माझ्यावर भार टाकीनात, नुसते मला टेकवल्यासारखं करीत आणि गुडघ्यावर सोसत. दुसऱ्या विमानात ढगांनी आम्हाला सुपात पाखडावं तसं पाखडलं. कोलकात्याला सरकता जिना आला आणि किशनराव थबकले. मागची माणसं खोळंबली. त्यांचा पाय उचलेना, मला पुढं टेकवायला धीर होईना.

"कामून थांबलाव?" तुळजाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. बगून राहिलो." पण त्यांची मूठ माझ्यावर अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. तुळजाबाईंनी एकदा ती मूठ बघितली. त्या त्यांच्या दुसऱ्या काखेत शिरल्या आणि त्यांना लिफ्टकडे घेऊन गेल्या. तिसऱ्या विमानात किशनरावांनी यष्टीचं नावही काढलं नाही.

दिब्रुगडला थंडी होती आणि बाहेर धुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी, येळवशीला, तुळजाबाईंनी हॉटेलच्या खोलीत त्यांना ओवाळलं. शिल्पानं ती घडीची काठी पुढं केली. किशनरावांनी ती खट्कन उघडली, खोलीत एक फेरी मारली. "लई हलकी हाय गं. झ्याक हाय," ते म्हणाले.

संपलं, मित्रांनो, असं मला वाटलं. मी दाराआड उभी होते, पुन्हा दाराआडच.

"मग ती जुनी इथंच ठेवू ना, बाबा?" शिल्पानं विचारलं.

किशनराव पलंगावर बसले. मग हळूच म्हणाले, "पोरी, काल मला लई भ्या वाटलं गं. तिन्ही इमानात. तुमाला सांगायची लाज वाटली. चढता-उतरता माझा हात थरथरायला लागला की ही बी थरथरायची. ही नवी कवा भ्याली माझ्यासंगं?"

शिल्पा त्यांच्या शेजारी टेकली. "अवो बाबा, सांगायचं ना मग! मी कशासाठी होते?" ती म्हणाली.

"तुळजा, तो करदोडा आण हिकडं."

"अवो, त्यो तुमच्या कमरंचा हाय! पंच्याहत्तरीचा!"

"माझा जुना गच हाय अजून, तुटला न्हाई. हिच्या कमरंला बांद आदी."

तुळजाबाई पुटपुटल्या, पण बसल्या. शिल्पानं माझी चीर दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तुळजाबाईंनी नवा काळा करदोडा वेढ्याला वेढा भिडवून आवळून बांधला. गाठ मारताना त्या म्हणाल्या, "ही नवी मग मला ऱ्हाऊ द्या. माझं गुडगं काय लोखंडाचं हाय व्हय?" तेव्हा कुठं खोलीत सगळे हसले.

नदीच्या उतारावर किशनरावांनी पहिल्यांदा माझ्यावर सगळा भार टाकला. करदोडा करकचला. मी मोडले नाही. समोर पाणीच पाणी होतं आणि पल्याडचा काठ दिसत नव्हता. किशनराव कितीतरी वेळ नुसते उभे राहिले आणि शिल्पा त्यांचा हात धरून उभी होती.

परतीची तीन विमानं अजून बाकी आहेत आणि मला आत्तापासूनच धडकी भरली आहे. पण मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. जुन्या काठीला तेल दिलंत तर बरंच, नाही दिलं तरी ती दाराआड उभी राहील. पण घरातलं म्हातारं माणूस "मी काय भेतो व्हय?" असं म्हणालं, तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. त्याचा हात आपल्या हातात घेऊन बघा.