सुलेखाचं बटण

“दाबलं बघ. परत दाबलं. होतंय काही?” राजेशनं माउस टेबलावर आपटला.

पडद्यावरचा लाल इशारा तसाच लुकलुकत राहिला. डायलिसिस केंद्रातल्या नर्सनं बटण दाबलं की तो थांबायला हवा. सकाळी थांबायचा, दुपारपर्यंत बटण मुकं व्हायचं. अमेरिकेत टेक्सासमधल्या अर्विंगच्या त्या छोट्या कंपनीत हा प्रोग्राम सुलेखा मेश्रामनं पायथन या संगणकभाषेत लिहिला होता. पडद्यावरची बटणं आणि खिडक्या पुरवणारी तयार कोडची लायब्ररी मात्र सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेतली. २००४ साली असं धाडस तिथे तिनं एकटीनंच केलं होतं.

“पायथन काढून टाकू यार,” राजेश म्हणाला. तो तिचा मॅनेजर. “सोमवारी क्लायंट येतोय. प्रोजेक्टच कॅन्सल होईल.”

“शुक्रवारपर्यंत थांब. नाही जमलं तर मीच काढते.”

दोन्ही भाषांना जोडणारा कोड कुणा हौशी मंडळींनी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. सुलेखा त्यातच शिरली. गुरुवारी दुपारी तिला सापडलं. दाबल्यावर कोणत्या फंक्शनला, म्हणजे इशारा थांबवणाऱ्या कोडच्या तुकड्याला, हाक मारायची ते बटणाला ठाऊक होतं, पण ते फंक्शन कुणी धरूनच ठेवलं नव्हतं. आता याची कुणाला गरज नाही असं समजून पायथन मेमरी साफ करताना ते टाकून देत होतं.

“मस्त! आपल्या प्रोग्राममध्ये ते कुठंतरी धरून ठेव, विषय संपला,” राजेश म्हणाला.

“आपला संपला. पुढच्या माणसाचं काय? तोही असाच डोकं फोडत बसणार.”

सोमवारी क्लायंटसमोर बटण दिवसभर नीट चाललं. मग तिनं मूळ जोडकोडच दुरुस्त करून त्या मंडळींना पाठवला. त्यांनी तो दोनदा परत केला. ‘तुम्हाला आमची रचना समजलेली नाही,’ एकानं लिहिलं. तिनं तिखट उत्तर लिहिलं, पुसलं, आणि चूक उघडी पाडणारा एक छोटासा प्रोग्राम पाठवून दिला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे. श्रेय कोणत्या नावानं देऊ?

ऑफिसात तिला सगळे ‘सू’ म्हणत. तिनं पूर्ण नाव कळवलं.

जोडकोडाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिची आई, कमलाबाई, नागपूरहून तिच्याकडे आलेली होती.

“जगात कुणीही हे वापरलं ना आई, की त्यात माझं काम असणार.”

“अन् तुयं नाव कुठं हाय?”

सुलेखानं पडद्यावरच्या श्रेययादीत आपल्या नावावर बोट ठेवलं. कमलाबाईंनी चष्मा लावला, पदरानं पडदा पुसला आणि एकेक इंग्रजी अक्षर जुळवत आडनावापर्यंत पोचल्या. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला लागल्या, या वेळी मोठ्यानं.