नावावरचं कुंकू

सकाळी साडेनऊला जयवंताबाईंनी सुनेच्या शोधनिबंधाच्या सारांशावर कुंकवाचं बोट टेकवलं. आदिलाबादहून हैदराबादची बस अकराला होती. साल १९८९, गुरुवार.

सून चारुशीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. जवळच्या बेला गावाकडच्या शेतांत हिंडून तिनं कपाशीवरचा मावा आणि त्याला खाणारे ढालकिडे मोजले होते. कपाशीत मधूनमधून ज्वारी पेरली की ढालकिडे टिकून राहतात, असं तिचं म्हणणं. हैदराबादच्या परिषदेनं सारांशासाठी एकच छापील कागद धाडला होता. त्यावर फिकट निळी चौकट. मजकूर त्या चौकटीतच बसवायचा, घडी नको, खाडाखोड नको. या कागदाचा जसाच्या तसा फोटो काढून पुस्तकात छापणार होते. फोटोत निळी रेघ उमटत नाही, लाल मात्र काळंभोर उमटतं. शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपत होती.

तिचा नवरा अनंतराव घरीच टायपिंगचे वर्ग चालवायचे. मजकूर त्यांनीच चौकटीत चपखल बसवला होता. परिषदेत जो बोलणार त्याच्या नावाखाली रेघ मारायची, असा नियम होता. आजवर मोजणी चारुशीलेची आणि पहिलं नाव विभागप्रमुख सुधाकररावांचं, असंच चालत आलेलं. या खेपेला पहिलं नाव तिचं होतं, रेघही तिच्याच नावाखाली. कुंकू नेमकं तिथं लागलं होतं. शेजारी सुधाकररावांचं नाव धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

"आई, हे काऊन लावलं?"

"काऊन म्हंजे? पयला कागद घराभाईर चालला तुहा. पत्रिकेले लावतो, पाटीले लावतो, मंग याले नाई लावू? इंग्रजी मले येत नाई, पन रेघ दिसली. म्हनलं, हेच आपल्या चारूचं."

"चौकटीच्या बाहेर लावायचं होतं."

"देवाले चौकटीच्या भाईर ठिवू?"

अनंतराव हसले, मग बायकोकडे पाहून रबर घेऊन आले. कुंकू तेलात कालवलेलं होतं. दोनदा घासल्यावर टिकलीचा मळवट झाला.

"राहू द्या, भोक पडेल," चारुशीला म्हणाली.

"सुधाकररावांचं तं साफ दिसून राह्यलं," अनंतराव बोलून गेले.

"तेच तर. पुस्तकात तेवढंच दिसेल. मग बोलायलाही तेच उभे राहतील."

चारुशीलेनं सूचनांचा कागद पुन्हा वाचला. घडी, खाडाखोड, शाईचे डाग, सगळ्याला मनाई होती. चिकटवण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

अनंतरावांनी तशाच पांढऱ्या कागदावर तिचं नाव टाइप केलं, खाली रेघ मारली. ढालकिड्याचा पंख काचपट्टीवर ठेवावा, तशा हातानं तिनं ब्लेडनं ती पट्टी कापली. घरात गोंद नव्हता. जयवंताबाईंनी लाडवांसाठी ठेवलेला डिंक भिजवून आणला. पट्टी बेमालूम बसली. मग ओल्या डिंकात कुंकू विरघळलं आणि पहिल्या अक्षरांमागून गुलाबी झाक वर आली.

"येईल का हो हे फोटोत?"

"इथून काय सांगू? सुकलं तं दबेल बी."

जयवंताबाई करंडा हातात घेऊन दारात उभ्याच होत्या. "लिफाफ्याले तरी लावू का?"

चारुशीलेनं लिफाफा उलटा करून पुढं केला. "लावा. मागल्या बाजूनं."

अनंतराव दोन पुठ्ठ्यांमध्ये लिफाफा धरून बसमध्ये बसले. वाटेतलं निर्मल गाव येईपर्यंत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात त्यांचा ट्रंककॉल आला. फोनजवळ सुधाकररावही उभे होते.

"देला. पावती बी घेतली. कारकुनानं कागद उजेडात धरला, तुह्या नावावर अंगठा फिरवला, अन् गठ्ठ्यावर ठिवला."

"कोणत्या गठ्ठ्यावर?"

"दोन होते. मी इचारतो म्हनलं, तं त्यानं खिडकी लावून घेतली."

दिवाळी होऊन गेली. कागद घेतला की नाकारला, हे सांगणारं परिषदेचं पत्र अजून आलेलं नाही.