भोकं बुजवलेलं छत

"सर, ह्या छताला एवढी भोकं कामून हाईत?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून दहावीतल्या सुधारानीनं शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहून मुख्याध्यापकांना हे विचारलं. मित्रांनो, ती भोकं माझीच. बसवकल्याणच्या एका शाळेच्या सभागृहात वर लटकणारी मी सीलिंगची जुनी टाइल. दगड वितळवून त्याची लोकर करतात आणि ती दाबून मला बनवतात. दगडाला कुठं लोकर असते का, असं मलाही आधी वाटलं होतं!

मी यायच्या आधी इथं नुसते पत्रे होते. एका बाजूला मराठीचा वर्ग, दुसऱ्या बाजूला कन्नडचा, आणि मध्ये कपाटांची रांग. इकडची कविता तिकडच्या गणितात घुसायची. छत कसलं बसवायचं यावर कमिटीत वाद झाला. बऱ्याच जणांना लग्नाच्या हॉलसारखं गुळगुळीत, फुलाफुलांचं पीओपी पाहिजे होतं. कलबुर्गीहून आलेल्या शिवप्रसाद मिस्त्रींनी एक टाळी वाजवली. ती कितीतरी वेळ भिंतींना आपटत राहिली.

मग ते म्हणाले, "गुळगुळीत छत आवाज परत फेकतंय. हे भोकाचं छत पिऊन टाकतंय. हितं पोरं शिकवायचीत का वरात काढायची?"

सगळे हसले आणि माझी निवड झाली.

सात वर्षं मी आवाज प्यायले. कुणी वर बघून कौतुक केलं नाही, पण खाली चैत्रा होती ना! मंठाळहून बसनं येणारी, कानात मशीन लावणारी चैत्रा. ती सुधारानीच्या शेजारी बसायची आणि तिला सगळं नीट ऐकू यायचं. एवढं मला पुष्कळ होतं.

मग तो प्रश्न आला. मला निवडणारे तोवर कुणीच शाळेत उरले नव्हते. मुख्याध्यापक अनिलकुमार सर बदली होऊन नवीन आलेले. पाहुण्यांसमोर 'माहीत नाही' म्हणायला त्यांना जड गेलं. किडका माल लावलाय, लगेच बंदोबस्त करतो, असं ते म्हणाले. सुधारानीनं पैज जिंकली. दर सव्वीस जानेवारीच्या आधी शाळा रंगवायची इथली रीत. त्या वर्षी ब्रश माझ्यापर्यंत पोचला. आधी पुट्टी, वर ऑइलपेंटचे दोन हात. छत कसं चकाचक झालं म्हणून सगळ्यांनी फोटो काढले. मी मात्र गुदमरले.

दुसऱ्या दिवसापासून चैत्राच्या मशीनमध्ये दोन्ही वर्ग एकदम शिरायला लागले. सरांनी भूगोल विचारला की ती कपाटांपलीकडच्या बाईंना उत्तर द्यायची. वर्ग हसायचा. एके दिवशी तिनं मशीन काढून कंपासपेटीत ठेवलं. सराव परीक्षेत ती चार विषयांत नापास झाली. तिचे वडील आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐकूच येईना तर हितं बसून काय करायलीस? चल घरी."

पुढच्या आठवड्यात पंखा दुरुस्त करायला शिवप्रसाद मिस्त्री आले. त्यांनी वर बघितलं, एक टाळी वाजवली. ती पुन्हा भिंतींना आपटत राहिली. कुणी बुजवलं, असं त्यांनी विचारलं. सुधारानी खाली मान घालून उभी होती. दाभणानं भोकं उकरली तर चालंल का, एवढंच तिनं विचारलं.

"न्हाई पोरी. रंग आत मुरलाय. आता काढून फेकायचं, दुसरं लावायचं."

म्हणजे माझं संपलं. मित्रांनो, एकच मागणं आहे. जे कळत नाही ते बुजवू नका, आधी जाणत्याला विचारा. आमच्यासारख्यांची भोकं दिसतात, पण ती बुजल्यावर कुणाचं काय गेलं ते लवकर दिसत नाही.

शनिवारी पालकसभा होती. सुधारानीचे आईवडील, सिद्धव्वा आणि प्रभुलिंग, मागच्या बाकावर बसले होते. सुधारानीनं समोरून काहीतरी सांगितलं. आवाज माझ्यावर आपटून फुटला. तिच्या वडिलांनी कानामागं हात धरला आणि ऐकू येत नाही अशी मान हलवली. तेव्हा ती चालत त्यांच्यापुढं गेली, गुडघ्यावर बसली आणि ओठ दिसतील असं एकेक शब्द सुटा करून बोलली.

"अप्पा, अव्वा, परीक्षा होईपर्यंत मी मंठाळला चैत्राच्या घरी ऱ्हायला चाललेय. तिला मी असंच शिकवणार."