नाक शिंकरल्याबद्दल

डॉक्टर उन्मेष यांच्या पत्राला दिवाळीपासून उत्तर गेले नव्हते. आज डावा डोळा तळहाताने झाकून बळवंतरावांनी ते पुन्हा उघडले. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की प्रत्येक शब्द दोनदा दिसे, आणि हे पत्र एकदा वाचणेच पुष्कळ होते.

कागद जाड, सोनेरी किनारीचा. ‘सायनसच्या ऑपरेशननंतर आपण नाक शिंकरलेत व डोळ्याला इजा झाली, तरी मी मनात काही ठेवलेले नाही. येथील मराठी मंडळ माझा सत्कार करीत आहे. स्मरणिकेसाठी माझ्याविषयी दोन शब्द लिहावेत.’ सूर असा, जणू डोळा डॉक्टरांचाच गेला होता.

बळवंतराव मात्र माफीचा आणखी एक खर्डा लिहीत होते. आईबापांनी ठेवलेल्या नावाला ते जन्मभर पुरे पडले नव्हते. दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी पायावर पाय दिला, तर ‘सॉरी जी’ तेच म्हणत.

समोर त्यांची पत्नी वृंदाताई मटार सोलत होत्या.

“वाचा की मोठ्यानं.”

“‘माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्याला जो मनस्ताप…’”

“कसला निष्काळजीपणा?”

डॉक्टरांनी ते कारण केबिनचे दार लावून सांगितले होते. घरी बळवंतरावांनी ‘नशीब’ एवढेच म्हटले होते.

“मी नाक शिंकरलं म्हणे. गुंगीत. मला आठवत नाही.”

“अच्छा! कोण म्हणे?”

“डॉक्टर. आपला मराठी माणूस आहे, खोटं कशाला बोलेल?”

“आपला माणूस! दिल्लीत एवढे सर्जन, पण तुम्हाला नाकाचं दुखणं हिंदीत सांगता येत नव्हतं.” त्यांनी शेंग कचकन मोडली. “अहो, बाहेर आणलं तेव्हाच डोळा वांग्यासारखा झाला होता. नाकात दोन्हीकडून बोळे कोंबलेले, श्वाससुद्धा तोंडानं घेत होतात. शिंकरलंत कशातून, कानातून?”

बळवंतरावांचा हात नाकाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी खर्डा फाडून मटारच्या टरफलांत टाकला. नवा कागद घेतला. डोळा न झाकताच लिहिले: ‘बोळे होते.’ खाली पूर्ण सही केली. कागदावर शब्द चार दिसत होते.

“बस, एवढंच?” वृंदाताईंनी विचारले.

“त्यांनी एवढंच मागितलंय.”

पोस्टाबाहेर पेट्याही दोन दिसल्या. त्यांनी डावा डोळा मिटला आणि उरलेल्या पेटीत पत्र टाकले.