ताडपत्रीचं दुसरं टोक

"ताडपत्री वर धरा, खुशालराव. अजून वर. भिंगावर एक थेंब पडला तं माय दिसनार नाही."

खुशालरावाने हात उंच केले. सन चौतीसच्या भाद्रपदातली पावसाची झड, चौथ्या दिवशीही हटायला तयार नव्हती. खुशालरावाची माय मनकर्णाबाई पहाटेच गेली. उभ्या जन्मात तिचा फोटो निघाला नव्हता, म्हणून न्हाऊ घालून, नवं लुगडं नेसवून तिला पडवीत खुर्चीवर बसवलं होतं. घरात मिट्ट अंधार, पडवी अरुंद, तेव्हा कॅमेरा भर अंगणातच मांडावा लागला.

अकोल्याच्या जठारपेठेतला फोटोग्राफर शेषराव कामाला पक्का होता. कॅमेऱ्याच्या चामडी भात्याला त्याने मेणकापड गुंडाळलं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवून भिंगाला टोपरं केलं. वर कापसाच्या बैलबंडीवरची ताडपत्री ताणली, तिचं एक टोक लिंबाच्या फांदीला बांधलं आणि दुसरं खुशालरावाच्या हातात दिलं. खरं तर ते शेजारी उभ्या केलेल्या बंडीलाही बांधता आलं असतं. शेषरावाला बंडी दिसली नव्हती? चांगली दिसली होती!

"मंग मी कवा बसू मायजवळ? थोरला आहो मी."

"आधी हा निघू द्या. मंग तुमचा."

बारा वर्षांपूर्वी याच घरच्या लग्नात, धाकट्या भावाच्या, पंजाबरावाच्या, शेषराव बडनेऱ्याला फोटो काढायला गेला होता. अकोल्याहून माणूस निरोप घेऊन आला, तुझी माय शेवटच्या घटका मोजते आहे. खुशालरावाने कॅमेऱ्याची पेटी खोलीत कोंडून कुलूप घातलं. "आधी वऱ्हाडाचा फोटो, मंग जाजो. माय काय पळून चालली?" पेटी सोडून निघायची शेषरावाची छाती झाली नाही. ती पेटीच त्याचं पोट होती. गाडी चुकली. तो पोचला तेव्हा चुलतभाऊ अग्नी देऊन मोकळा झाला होता. जगाचे फोटो काढणाऱ्याच्या घरी आईचा एक फोटो नाही! तेव्हापासून खुशालरावाचं नाव निघालं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पंजाबराव, मायच्या उजव्या अंगाले बसा. थोरल्याच्या जागी. हात हातात घ्या."

शेषरावाने भिंगाचं टोपण काढलं. एक, दोन, तीन, चार. खुशालरावाच्या कोपरांवरून पाणी बगलेत उतरत होतं, पण ताडपत्री तसूभर हलली नाही. टोपण बसलं.

"आता माहा काढ."

"फोटोच्या काचा ओल्या झाल्या. आता नाही निघत."

काच एकही ओली नव्हती. पण तिरडी बांधून तयार होती आणि भटजी घाई करत होते.

तेरवी झाल्यावर, पुन्हा झड लागली होती त्या दिवशी, खुशालराव शेषरावाच्या दुकानात आला. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला. त्याने फोटो हातात घेतला. माय आत्ता बोलेल अशी बसली होती. त्याचं बोट पंजाबरावावर येऊन थांबलं.

"यात मी नाही."

"नाही."

"ताडपत्री दुसऱ्या कोणी धरली असती तं?"

"तं तुमी असते." शेषराव त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. "माही माय गेली तवा मीबी नव्हतो, खुशालराव. बडनेऱ्याले होतो. माही पेटी तुमच्या कुलपात होती."

खुशालरावाला आठवायला वेळ लागला. आठवलं तसं त्याने पंजाबरावावरचं बोट काढून घेतलं. शेषरावाला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला?

खुशालराव भांडला नाही. म्हणाला, "मायचा फोटो चांगला निघाला."

फोटो उपरण्यात गुंडाळून त्याने सदऱ्याच्या आत घातला आणि उघड्या डोक्याने झडीत उतरला. कोपऱ्यात शेषरावाची छत्री होती. त्याने ती दिली नाही.