माझं तोंड खिडकीकडे

मी एक छोटा, काळा, साधासुधा माइक आहे. जुना म्हणाल तर फार जुना नाही. पण अंगावर दोन-चार ओरखडे आहेत आणि जाळीच्या एका कोपऱ्यात कुंकवाचा लाल रंग असा काही बसलाय की तो आता माझ्याबरोबरच जाईल. माझ्या बुडाशी एक वायर आहे. तिचं दुसरं टोक लॅपटॉपला लावलं की झालं! मध्ये कुठली पेटी नको, वेगळी वीज नको. मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचंच ऐकत आलो. आज तुम्ही माझं ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असा एक सोनेरी पडदा बसवला आहे. आवाज आला की तो थरथरतो. त्या थरथरीची वीज करून मी ती वायरीत सोडतो. एवढंच माझं काम. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा हं, कारण पुढे तिच्यावरूनच घोळ झाला. मला फक्त पुढून ऐकू येतं. पाठीमागून कुणी हाक मारली तर ती मला दुसऱ्या गल्लीतून आल्यासारखी वाटते. हा दोष नाही, मला मुद्दामच तसं घडवलं आहे. समोर बोलणाऱ्याचं ऐकावं आणि मागचा पंखा, कुकर, भांडणं सोडून द्यावीत! आणि मी डोक्यानं ऐकत नाही, छातीनं ऐकतो. ती बाजू कळावी म्हणून माझ्या छातीवर एक चिमुकला पांढरा ठिपका आहे.

कारखान्यातून मी आलो तो थेट उज्जैनला, फ्रीगंजातल्या एका दुकानात. तिथे माझा मुक्काम फारच लांबला. माझ्या एका बाजूला सात रंगांचे दिवे लुकलुकवणारा एक माइक होता आणि दुसऱ्या बाजूला एक भलामोठा, रुबाबदार माइक. तो वेगळी पेटी जोडल्याशिवाय तोंडच उघडत नसे. गिऱ्हाईक आलं की दिवेवाल्याला हातात घेई, रुबाबदाराची किंमत विचारून मान हलवी आणि माझ्यावरून फक्त नजर फिरवी. माझ्या खोक्यावर धूळ साचली. दुकानदार एकदा मला खाली ठेवून माझ्या जागी चहाचा ग्लास ठेवू लागला, तेव्हा मात्र मला रडूच आलं. पण रडणार कसं? मला फक्त ऐकता येतं ना!

आणि मग एका दुपारी भार्गवी आली.

भार्गवी दहावीत शिकणारी, माधव नगरात राहणारी. तिच्याबरोबर तिची जयूआत्या होती. आत्या बँकेत आहे आणि भाचीच्या वाढदिवसाला माइक द्यायचं तिनं कबूल केलं होतं. पण दुकानाच्या पायरीवरच तिनं बजावलं, "बघ हां भार्गवी, आपल्याला स्टुडिओ नाही उघडायचा. खिशाला झेपेल असंच बघ."

"हो गं आत्या! पण नुसतं स्वस्त बघून नाही घेणार. कान लावून घेणार."

तिला माइक कशासाठी हवा होता, ते सांगतो. भार्गवीचा आवाज जाड आहे. भरदार, खालच्या पट्टीतला. शाळेत मुली तिला 'भोंपू', म्हणजे भोंगा, म्हणायच्या. ती गोष्टी मात्र अशा सांगते की समोरच्यानं तोंडात घातलेला घास तसाच राहावा. इथल्या मराठी मंडळानं यंदा गणेशोत्सवात रोज संध्याकाळी मुलांसाठी गोष्ट ऑनलाइन सांगायची असं ठरवलं होतं. उज्जैन सोडून इंदूरला, पुण्याला, कुठे कुठे गेलेल्या घरांतल्या मुलांनीही ती ऐकावी, अशी कल्पना. भार्गवीनं लगेच हात वर केला. पण मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब म्हणाले, "बेटा, गोष्टी छान सांगतेस, पण गेल्या वर्षी हॉलमधल्या माइकवर तुझा एक शब्द कळला नव्हता. हा आवाज माइकचा नाही." तरी त्यांनी एक संधी दिली होती. रविवारी संध्याकाळी घरून थेट गोष्ट सांगून दाखवायची, सगळं मंडळ बघणार. जमलं तर गोष्टींची संध्याकाळ भार्गवीची. नाही जमलं तर इंदूरहून एक निवेदिका बोलवायची.

म्हणून ती आली होती. आणि आल्या आल्या तिनं काय केलं माहीत आहे? पिशवीतून स्वतःचा इअरफोन काढला.

"भैया, तीनों लगा के सुनाओ ना."

"अरे दीदी, सब एक जैसे हैं," दुकानदार म्हणाला. "लाइटवाला ले जाओ, वीडियो में मस्त दिखेगा."

"भैया, माइक को दिखना नहीं है, सुनना है!"

रुबाबदाराला पेटी लागते म्हटल्यावर आत्यानंच त्याला हात जोडले. मग दिवेवाल्याची पाळी आली. भार्गवी त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आत्या, तू मागे उभी राहा आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही!"

आत्याला दुसरं काय सुचणार? तिनं बँकेतलं सुरू केलं. "पैन कार्ड की कॉपी लगाइए, साइन यहाँ नहीं, नीचे कीजिए, अरे भाईसाहब, लाइन में आइए..." दिवेवाल्यानं सगळंच ऐकलं. भार्गवी, आत्या, पंखा, बाहेरच्या रिक्षा. सगळ्यांची भेळ! त्याचा स्वभावच तसा, चारी बाजूंनी ऐकणारा. गोलाकार बसून गप्पा मारणाऱ्यांना तो चांगला. पण एकटीला, आणि तेही रस्त्यावरच्या खोलीत, काय कामाचा?

मग मला लावलं. आत्या मागून बोलतच होती.

"आत्या, बोल ना."

"अगं, कधीची बोलते आहे! घसा सुकला माझा."

"मस्त! मला ऐकूच नाही आलीस!"

"ह्यात मस्त काय आहे गं?"

भार्गवी हसली. माझ्या अंगालाच इअरफोनचं भोक आहे. त्यातून बोलणाऱ्याला आपलाच आवाज लगेच ऐकू येतो. हॉलमधल्या घुमण्याशिवाय, कर्कश खरखरीशिवाय तिनं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ती अगदी हळू म्हणाली, "आत्या... ही मी आहे?"

मित्रांनो, त्या क्षणी मी तिचा झालो. पैसे नंतर दिले.

घरी आलो तर दारातच तिच्या आईनं, सुनंदाताईंनी, थांबवलं. "नवी वस्तू आहे, आधी हळदकुंकू!" त्या घरात फ्रिजला, मिक्सरला, भार्गवीच्या सायकललाही हळदकुंकू लागलं होतं, मी कसा सुटणार? त्यांनी बोटावर ओलं कुंकू घेतलं, मला न्याहाळलं आणि खूश झाल्या. "बघा, ठिपक्यानं जागासुद्धा दाखवून ठेवली आहे!" आणि माझ्या पांढऱ्या ठिपक्यावर भलंमोठं कुंकू टेकवलं. वर अक्षता, वर झेंडूची छोटी माळ. थोडं कुंकू जाळीत उतरलं. मला शिंक आली, पण मानानं मी फुगलोही होतो.

पुढचे दिवस तालमीचे. माझ्यापासून एक वीतभर अंतरावर बसायचं, हे तिला लवकर जमलं. एकच अडचण होती. 'प', 'फ', 'भ' आले की तोंडातली हवा फाडकन माझ्यावर आदळायची. ती "मी भार्गवी" म्हणाली की मला थप्पड बसल्यासारखं व्हायचं! आईनंच युक्ती काढली. कशिदा काढायच्या गोल रिंगमध्ये त्यांनी आपल्या जुन्या, इथल्याच भेरूगढ छापाच्या मलमली ओढणीचा तुकडा ताणून बसवला आणि ती रिंग माझ्यापुढे उभी केली. हवा ओढणीत अडायची, आवाज आरपार यायचा. लाल-काळ्या बुट्ट्यांच्या पडद्यामागे मी नवरदेवासारखा बसायचो.

रविवार उजाडला. संध्याकाळी खिडकीसमोर टेबल मांडलं. खिडकीकडे लॅपटॉप, त्याच्या अलीकडे मी, मग ती रिंग आणि मग भार्गवी. चेहऱ्यावर उजेड छान येतो म्हणून जागा आत्यानं निवडली होती. केसांत गजरा होता. इअरफोनची वायर त्यात अडकते, दिसतेही वाईट, म्हणून आईनं इअरफोनच काढायला लावला. भार्गवी पाणी प्यायला आत गेली आणि सुनंदाताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अगंबाई! लोक समोरून बघणार आणि ह्याची पाठ लोकांकडे? कुंकू लावलेलं तोंड असं भिंतीकडे ठेवतात का कुठे?"

आणि देव्हाऱ्यातली मूर्ती फिरवावी तशा मायेनं त्यांनी मला फिरवलं. कुंकू, अक्षता, माळ, सगळं लोकांकडे. माझी छाती खिडकीकडे! मी ओरडलो असतो हो, पण कसा ओरडणार?

भार्गवी आली, बसली. समोर ओढणीचा पडदा. तिला मी दिसलोच नाही. लॅपटॉपवर थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला.

"नमस्कार मुलांनो! मी भार्गवी. आजची गोष्ट आहे रामघाटावरच्या एका माकडाची. त्यानं एका आजोबांचा चष्मा पळवला आणि डोळ्यांवर चढवला..."

मला हे सगळं शेजारच्या घरातून यावं तसं ऐकू आलं. स्पष्ट काय ऐकू आलं? खिडकीखालचा भाजीवाला! "मटर ले लो, ताज़ी मटर!" रिक्षाचा हॉर्न. आणि लॅपटॉपच्या बाजूला उभ्या असलेल्या आईची कुजबुज. ती तर मी अगदी मधासारखी गोड करून सगळ्यांच्या घरी पोचवली.

"जयूताई, भय्यासाहेब बघतायत का हो? माझ्या पोरीच्या आवाजाला नावं ठेवतात! गेल्या वर्षी त्यांच्या भाषणात अर्धा हॉल घोरत होता, ते नाही आठवत!"

लॅपटॉपवर भराभर ओळी उमटायला लागल्या. इंदूरहून कुणी निहारिका नावाच्या मावशीनं लिहिलं, 'तोंड भार्गवी हलवते आहे, बोलतोय भाजीवाला!' दुसऱ्यानं लिहिलं, 'मटर कैसे किलो?' आणि मग भय्यासाहेबांची ओळ आली: 'सुनंदाबाई, अर्धा हॉल नाही. फक्त मागच्या रांगा.' तिच्या खाली लगेच दुसरी: 'पण मुलीचा आवाज कुठे आहे? म्हणूनच मी म्हणत होतो.'

आईनं तोंडावर पदर घेतला. "अगोबाई, हे त्यांना ऐकू गेलं?"

"वहिनी, आता तरी गप्प बसा!" आत्या कुजबुजली. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

भार्गवी मोठ्यानं बोलू लागली. मग आणखी मोठ्यानं. मग ओरडूच लागली, आणि ओरडताना तिचा आवाज फाटला. इंदूरहून कुणीतरी हसणारी पिवळी तोंडं पाठवली. तिचा चेहरा उतरला. हात लॅपटॉप मिटायला पुढे आला.

"राहू दे बाळा," आई म्हणाली, "बंद कर. आपल्याच्यानं नाही होत तर..."

तिचा हात थांबला. "दुकानात तर छान ऐकू येत होतं!" ती म्हणाली. मग गजरा ओढून काढला, इअरफोन उचलला आणि माझ्या भोकात खुपसला.

कानात काय ऐकू आलं असेल? "मटर ले लो!" अगदी कानाशी. स्वतःचा आवाज मात्र दूर कुठेतरी. तिनं रिंग बाजूला केली. समोर माझी कोरी, काळी पाठ!

"आई! ह्याला कुणी फिरवलं?"

"मी. लोकांकडे पाठ करून बसवला होतास गं..."

"अगं आई! हा देव नाही, कान आहे!"

हे सुद्धा सगळ्यांनी ऐकलं आणि नंतर कळलं की घराघरांत लोक पोट धरून हसले. पण ह्या वेळी भार्गवीही हसत होती. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, माळ काढली, मला आपल्याकडे वळवलं, खिडकी लावून घेतली, रिंग पुन्हा उभी केली. लाल दिवा चालूच होता. आणि ती ओरडली नाही. ती वीतभर अंतरावरून, खालच्या पट्टीत, अगदी कानात सांगावं तसं म्हणाली, "तर मुलांनो, चष्मा लावल्यावर माकडाला पहिल्यांदा काय दिसलं असेल?"

तो आवाज माझ्या पडद्यावर आला आणि मित्रांनो, मी थरथरलो! जाड, उबदार, गुळाच्या पाकासारखा आवाज. हॉलमध्ये तो भिंतींना आपटून फुटायचा. इथे एकही कण सांडला नाही. माकडानं चष्म्यातून घाटाच्या पायऱ्या पाहिल्या, पाण्यातलं स्वतःचं तोंड पाहिलं आणि घाबरून आजोबांच्याच खांद्यावर जाऊन बसलं. लॅपटॉपवर ओळी यायच्या थांबल्या. मला वाटलं, सगळे उठून गेले. आत्यानं हळूच बोट दाखवलं: बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता.

आणि ऐन रंगात आल्यावर भार्गवी थांबली. "माकड आजोबांच्या कानात काहीतरी म्हणालं... बाकीची गोष्ट नंतर!" दिवा विझला.

पुढच्याच क्षणी आत्याचा फोन वाजला. भय्यासाहेब! तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"काय म्हणालं माकड?"

"काका," भार्गवी म्हणाली, "ते गणेशोत्सवात कळेल. गोष्टी मी सांगणार असेन तर!"

आईनं डोळे मोठे केले. पलीकडे भय्यासाहेब मोठ्यांदा हसले. "अगं, तूच सांगणार, रोज सांगणार! इंदूरवाल्या बाईंना आत्ता नाही म्हणून कळवतो. माझ्याच ऐकण्यात चूक झाली, बेटा. पण आता तेवढं माकडाचं सांग. इथे नातू माझा फोन ओढतो आहे."

तिनं सांगितलं. काय ते मी सांगणार नाही. गोष्ट तिची आहे.

मित्रांनो, माझी तुमच्यापाशी थोडीच मागणी आहे. घरी माझा एखादा भाऊ आणलात तर दिवे बघून आणू नका, कानांनी निवडा. त्याच्यावर टकटक करू नका, 'हॅलो हॅलो' करत फुंकर मारू नका, काम झालं की धूळ बसू नये म्हणून एखादं फडकं घाला. कुंकू लावायचंच असेल तर कोरडं लावा, आणि बुडाशी. आणि कधी कुणाचा आवाज आवडला नाही, तर त्याला नावं ठेवण्याआधी जरा त्याच्या समोर येऊन बसा.