साखळीमागचा बाक

मी एक जुना महाल आहे, मित्रांनो, आणि सध्या मी संतापलेला आहे.

इटलीतल्या या डोंगरमाथ्यावरच्या गावात एका लोकरीच्या व्यापाऱ्याने मला बांधलं. रस्त्याच्या बाजूने, भिंतीच्या पायथ्याशी, त्याने लांबलचक दगडी बाक घडवून घेतला. दारात जितकी माणसं टेकतील तितका घराण्याचा मान, असा तेव्हाचा रिवाज होता. पुढे घराणं संपलं आणि मी नगरपालिकेचा झालो. खाली जन्म-लग्नाच्या नोंदी, वर चित्रांचं संग्रहालय. माणसं मात्र बाकावर बसतच राहिली. मटार सोलत, पत्ते कुटत, नव्या बाळाचं नाव नोंदवायला थांबत. त्यांच्या बसण्याने दगडात खळगे पडले. मला त्या खळग्यांचा अभिमान वाटायचा.

या वसंतात संग्रहालयाच्या प्रमुख फुल्विया यांनी बाकापुढे साखळी लावली. वर पितळी पाटी: ‘शतकानुशतके नागरिक या बाकावर विसावत आले. कृपया बसू नये.’

ती ठोकताना कुणालाही हसू आलं नाही.

गुरुवारी एर्सिलियाबाई बाजारातून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, घर चढाच्या टोकाला. माझ्यापाशी टेकल्याशिवाय त्यांना वर जाववत नाही. साखळीचा आकडा काढून त्या बसल्या.

“उठा काकू!” फुल्विया धावत आल्या. “दगड झिजतोय.”

“आणि मला काय नवे गुडघे फुटतायत?”

“नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“अगं, तुझा बाप इथेच बसून माझ्या नवऱ्याशी पत्त्यांत लबाडी करायचा! हा खळगा त्याच्याच ढुंगणाचा. त्याचीही पाटी लाव की!”

अख्खा रस्ता हसला. फुल्विया लालबुंद झाल्या आणि त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. त्याचा हात झटकून एर्सिलियाबाई स्वतःच उठल्या. चढाच्या मध्यावर त्यांना भिंत धरून उभं राहावं लागलं. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. आता शेजारीण त्यांची भाजी नेऊन देते.

मित्रांनो, माझं छत गळलं तर जरूर दुरुस्त करा. चित्रांवरची धूळ पुसा. पण मला जपायचं म्हणून माणसांना हाकलू नका. त्यांच्यावाचून मी नुसता दगडांचा ढीग आहे. मला हात असते तर ती साखळी मीच तोडली असती. तुम्हाला आहेत. तोडा ती, आणि चढ चढून त्या म्हातारीला सांगा, बाक रिकामा आहे.